कुसळाच्या भाताचा डबा

पहाटे पावणेपाचला अजमानमध्ये आमच्या बिल्डिंगखाली शेताची मिनीबस येते. मी ड्रायव्हरच्या शेजारची सीट धरतो. मागे बसलं की उजवा गुडघा आखडतो आणि उतरताना कुणीतरी हात पुढे करतं. मला कुणी हात दिलेला आवडत नाही. वयाला सदुसष्ट वर्षं झाली तरी माझा व्हिसा दरवर्षी वाढतो, कारण शेतावरचं माझं काम दुसऱ्याला जमत नाही, असं मी मुलाला सांगतो. तो म्हणतो, "अब्बा, आता बस करा. घरी बसा." घरी बसून काय करू? अकराव्या मजल्यावरून पार्किंग बघू?

हल्ली मात्र बसमध्येच दमतो. काम सुरू व्हायच्या आधीच. त्याला नुसतं वय कारणीभूत नाही. एक चूक आहे, ती लिहून काढतो. चौथीपर्यंत मराठी शाळेत गेलो, तेवढं अक्षर अजून हातात आहे.

आमचं शेत म्हणजे खाऱ्या पाण्याची शेती. इथे वाळूखाली पाणी आहे, पण ते खारं. त्या पाण्यावर कुठलं पीक जगतं आणि कुठलं मरतं ते बघायचं, हेच काम. बाजरी, ज्वारी, चवळी, गुरांचा चारा, अलीकडे भातसुद्धा. जे जगतं त्याचं बी आफ्रिकेत जातं. तिकडे पाऊस हटलाय, नद्या बारीक झाल्यात आणि समुद्र नदीच्या तोंडातून आत घुसतोय. तिकडची माणसं इथे शिकायला येतात. कुणी ऑफिसातले, कुणी खरे शेतकरी. हात बघितला की मला कळतं कोण कुठला.

मी इथे मजूर म्हणून आलो. त्याआधी फुजैराला खजुराच्या बागेत बरीच वर्षं काढली. इथे मला किंमत आली ती जिभेमुळे.

हे समजायला आमचं गाव सांगावं लागेल. रायगडातल्या खाडीकाठचं गाव. भरतीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा लांब बांध, आणि बांधात पावसाचं पाणी बाहेर सोडायला लाकडी दार. त्याला उघाडी म्हणतात. बांधाच्या आतल्या जमिनीला खार म्हणतात, कारण बांध घातला तरी मीठ मातीत असतंच. पावसाने ते किती धुतलं गेलं हे कळल्याशिवाय भात लावता येत नाही. ते कळायचं जिभेने. माझा बाप खाचरात बोट बुडवून चाखायचा, त्याच्यानंतर मी. सगळं गाव बांधावर उभं राहून माझ्या तोंडाकडे बघायचं. मी थुंकलो तर थांबायचं, मी गिळलं तर लावायला सुरुवात करायची. वीस वर्षांचा असताना माझ्या गिळण्यावर सत्तर-ऐंशी माणसं चिखलात उतरायची. ही गोष्ट मी इथे कुणालाही सांगतो, तीनदा ऐकली असली तरी सांगतो.

शेतावर पाण्यातलं मीठ मोजायला मीटर आहे. पेनाएवढं यंत्र, बाराशे दिरहॅमचं, म्हणजे आपले सत्तावीस-अठ्ठावीस हजार. पाण्यात बुडवलं की आकडा दाखवतं. पहिल्या वर्षी बरोबरच्या पोरांनी पैज लावली. मी चाखून आकडा सांगायचा, मग मीटर बुडवायचं. मी म्हटलं सहा, मीटर म्हणालं सहा पूर्णांक एक. मी म्हटलं अकरा, मीटर म्हणालं अकरा. आमच्या शास्त्रज्ञ मॅडम पुण्याच्या आहेत. त्या टाळ्या वाजवून म्हणाल्या, "काका, तुम्हालाच कॅलिब्रेट करून ठेवायला हवं." शब्द कळला नाही, पण कौतुक कळलं. तेव्हापासून लहानसहान कामाला मला मीटर कुणी विचारलं नाही.

मग मागच्या हिवाळ्यात मला बाथरूममध्ये चक्कर आली. डॉक्टरने प्रेशर बघून भुवया वर केल्या. गोळ्या दिल्या आणि मीठ बंद केलं. कमी केलं नाही, बंदच केलं. सून ऐकणारी नाही. तिने माझं पातेलं वेगळं केलं. माशाचं कालवण अळणी, डाळ अळणी, भाकरी अळणी.

"पंधरा दिवस चिडचिड होईल," ती म्हणाली, "मग सवय होईल."

"जेलमध्येपण सवय होते," मी म्हटलं.

"जेलमध्ये मीठ देतात, अब्बा. इथे देणार नाही."

पंधरा दिवस नाही, महिना लागला, पण सवय झाली. तिचं बरोबर होतं. पुढे काय होणार ते ना तिला ठाऊक होतं, ना मला.

त्यानंतर ती बाई आली. गांबियाची, पन्नाशीची, उंच. हाताला घट्टे. तिच्या देशात एक मोठी नदी आहे आणि तिच्या काठाला बायका भात लावतात. नदीचं पाणी खारट होत वर सरकतंय. तिच्या गावातल्या बारा बायकांची खाचरं नदीला लागून आहेत आणि दोन वर्षं त्यांच्या हाताला धड काही आलं नव्हतं. त्या बायकांनी हिला पाठवलं होतं. तिने येताना पाच जातींचं भाताचं बी आणलं होतं, फडक्याच्या पाच गाठींत, प्रत्येक गाठीला वेगळ्या रंगाचा दोरा. त्यातलं कुठलं त्यांच्या नदीच्या पाण्यात तगतं ते एका हंगामात शोधायचं, आणि तेच बी घेऊन त्यांच्या पावसाआधी परत जायचं. बारा घरांचं वर्षाचं खाणं त्या गाठींत होतं. हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. डोळ्यांत पाणी वगैरे काही आणलं नाही. बोटांवर मोजून सांगितलं.

आमचं बोलणं मी मराठीत लिहितोय. खरं तर ती तिची इंग्रजी बोलायची, मी माझी हिंदी, आणि अडलं की दोघांची मोडकी अरबी. ती मला 'पा' म्हणायची, त्यांच्याकडे म्हाताऱ्याला तसं म्हणतात. मी तिला उख्ती म्हणायचो, म्हणजे बहीण.

मी भातातला माणूस आहे म्हटल्यावर ती हसायला लागली.

"पुरुष आणि भात? आमच्याकडे पुरुष भुईमूग लावतात. भाताला हात लावत नाहीत."

"आमच्याकडे लावणीला बायका असतात," मी म्हटलं.

"आणि पुरुष?"

"पुरुष बांधावर उभे राहून सांगतात."

"मग आमच्याकडेही तसेच आहेत, फक्त आमचे लांब उभे राहतात."

गाठी सोडताना तिने एकेक ओळख करून दिली. लाल दोऱ्याचं टपोरं, सरकारी माणसाने दिलेलं. हिरव्याचं गावातलं नेहमीचं. पांढरं आणि पिवळं शेजारच्या गावांतून मागून आणलेलं. काळ्या दोऱ्याची गाठ सगळ्यात लहान. दाणा बारीक, लालसर, आणि प्रत्येक दाण्याला बोटभर कुसळ. ते गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या चुलीवर लटकत होतं. तिच्याखेरीज कुणाकडे उरलं नव्हतं. "पीक कमी येतं, कांडताना कुसळं हाताला टोचतात," ती म्हणाली. "म्हातारीचं मन मोडवेना, म्हणून आणलं."

मी तो दाणा हातात धरून बराच वेळ बघितला. आमच्या खारातही असं लालसर, कुसळाचं भात असायचं. माझ्या लहानपणीच लोकांनी ते सोडलं, कारण टपोरं बी आलं. पुढे बांध फुटला, उघाडी कुणी दुरुस्त केली नाही, खाडी आत आली, टपोरं भात एका भरतीत गेलं, आणि कुसळाचं बी शोधायला गेलो तर गावात मूठभर नव्हतं. आता तिथे खारफुटीची तिवरं उभी आहेत आणि खेकडे. मी इकडे आलो त्याचं कारण तेच.

तिच्या नदीचं मीठ किती, याचा कागद तिने आणला होता. मीटरवर आठ. जाळीच्या घरात पाच लांबलचक टब मांडले, टबात काठीला पाच रंगांचे दोरे बांधले. बोअरचं खारं पाणी आणि मीठ काढलेलं गोडं पाणी एका निळ्या पिंपात मिसळून आठ करायचं आणि टबांना द्यायचं. हे काम माझ्याकडे आलं. मॅडमनी मीटर आणि वही हातात दिली.

"काका, रोज सकाळी मोजून लिहायचं हं. प्लीज."

मी मीटर खिशात घातलं आणि बोट पिंपात घातलं. चाखलं. आठ. वहीत लिहिलं, आठ. मीटर चार दिवसांनी ड्रॉवरमध्ये गेलं. आकडा मात्र रोज वहीत पडत होता.

दुसऱ्या आठवड्यात ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, पिंपात बोट घातलं आणि चाखलं. मग पुन्हा चाखलं.

"पा, आमची नदी याहून खारट आहे."

"दोन आठवडे इथल्या कँटीनचं खाऊन तुझी जीभ बिघडली," मी म्हटलं.

"कँटीनमध्ये मीठ जास्त असतं की कमी?"

आजूबाजूला पोरं होती, एकजण हसला. मला राग आला. मी तिला बांधावरच्या सत्तर-ऐंशी माणसांची गोष्ट ऐकवली, बापाची ऐकवली, पैजेची ऐकवली. शेवटी म्हटलं, "तू भात लाव. पाणी माझं."

ती टबांकडे परत गेली. त्यांच्याकडे म्हाताऱ्या माणसाला दुसऱ्यांदा उलट बोलत नाहीत. हे मला पुढे कळलं.

भात काय वाढलं म्हणता! पाचही टब हिरवेगार. पाहुणे आले की मॅडम त्यांना आमच्या जाळीच्या घरात आणायच्या. लोक वाकून फोटो काढायचे. वाळवंटात, खाऱ्या पाण्यावर, भात! मी इस्त्रीचा शर्ट घालून पिंपापाशी उभा असायचो. लोंब्या आल्या तशी लाल दोऱ्याची झाडं दाण्यांनी वाकली. काळ्या दोऱ्याचं किरकोळ, उंच, अर्ध्या लोंब्या पोकळ. मे उजाडताना कापणी झाली. पिकात लाल दोऱ्याचं पहिलं आलं. तिने टबापाशीच उभं राहून गावाला फोन लावला. तिकडून बायकांचा एकच गलका झाला, कुणीतरी गाणंही म्हणायला लागली. फोन ठेवून ती मला म्हणाली, "लाल सांगितलं. या वर्षी बारा घरांत लाल."

"इन्शाल्ला," मी म्हटलं, आणि छाती फुगली माझी. खोटं कशाला बोलू.

जायला तीन आठवडे उरले होते. जुम्म्याला अर्धा दिवस असतो, तर त्या दिवशी तिने सगळ्यांना जेवण दिलं. लालाचं बी पिशवीत भरून शिवलं होतं. बाकी चार जातींचं भात तिने शारजाच्या बाजारातून आणलेल्या मोठ्या खलात कांडलं, पाखडलं, आणि एका पातेल्यात मासा, टोमॅटो, वांगी घालून एकत्र शिजवलं. आम्ही नमाज पढून आलो आणि जाळीच्या सावलीत चटई टाकून मोठ्या थाळ्याभोवती बसलो. वास असा की काय सांगू.

मी घास घेतला आणि थांबलो.

"चांगलं झालंय उख्ती, पण मीठ हात सुटून पडलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मीठ?" मॅडम म्हणाल्या. त्यांच्यासाठी वेगळं, बिनमाशाचं ठेवलं होतं, पण भात तोच, मीठही तेवढंच. "काका, उलट अळणी आहे. मी वरून घेणार होते."

"मी कमीच घातलं," ती म्हणाली. "'पा'ला प्रेशर आहे, म्हणून. सगळ्यांनी माफ करा."

एक पोरगा म्हणाला, "चाचाका मीटर खराब हो गया, हबीबी!" सगळे हसले. तीही हसली, आणि हसता हसता थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. तोंडातला घास तिने हळू गिळला. मी मान खाली घालून जेवत राहिलो. तो भात खारट लागत होता, आणि खारट नव्हता.

शनिवारी घरी सुनेला म्हटलं, तीन ग्लासांत पाणी घे आणि कमी-जास्त मीठ घालून दे, कुठल्यात किती ते सांगू नकोस.

"मिठाला हात लावायचा नाही, अब्बा."

"पीत नाही, चाखून थुंकतो."

मी चाखले. मधला ग्लास उचलून म्हटलं, हा समुद्र. सुनेने चाखला आणि ग्लास पुढे केला. दहा वर्षांच्या नातीने चाखला आणि खांदे उडवले. "इट्स नॉर्मल, दादा. इट्स लाइक सूप."

सून म्हणाली, "पाच महिने अळणी खाताय. आता चिमूटभरही तुम्हाला ढीग वाटणार. डॉक्टर म्हणाला होता असं होतं. चांगलं लक्षण आहे."

चांगलं लक्षण. मी बाल्कनीत जाऊन बसलो. रविवारीही तिथेच बसलो. लालाचं बी शिवलेल्या पिशवीत होतं, गाव खुश होतं, मॅडम खुश होत्या. मी गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. इथे कळलं नसतं. तिकडे पाऊस पडून महिनाभराने कळलं असतं, बारा घरांना, आणि त्यांनी खापर नदीवर फोडलं असतं किंवा अल्लाच्या मर्जीवर. असं आमच्याही गावाने केलं होतं.

सोमवारी बसमधून उतरलो तो सरळ ड्रॉवरकडे गेलो. मीटर काढलं. मागे एका रिकाम्या टबात तारखा लिहिलेल्या बाटल्या पडून होत्या, मॅडम दर आठवड्याला पिंपातलं पाणी बाटलीत भरून ठेवायला लावायच्या. बाटलीमागून बाटली उघडली आणि मीटर बुडवलं. साडेतीन. तीन पूर्णांक आठ. साडेतीन. एकही चारच्या वर नाही.

साडेतीनला काय, कुठलंही भात जगतं.

मी बाटली आणि मीटर घेऊन मॅडम आणि उख्ती, दोघींकडे गेलो. उभ्याने सांगितलं. हात जोडले नाहीत, ते मला जमत नाही.

मॅडमनी वही उघडली. "काका, रोज आठ लिहिलंय."

"लिहिलंय."

"मोजून?"

"जिभेने."

त्या खुर्चीत बसल्या. "हा आकडा मी वर पाठवलाय."

"मग माझं नाव लिहून पाठवा. काढून टाका मला."

"नाव लिहून यांचा हंगाम परत येणार आहे का, काका?"

मी त्या बाईकडे वळलो. म्हटलं, "माझी जीभ खोटी नव्हती, उख्ती. माझं जेवण बदललं होतं."

"तुमचं जेवण बदललं, म्हणून माझं गाव का उपाशी राहील, पा?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी चाखलं होतं. मी तुम्हाला सांगितलं होतं."

मी बाटली आणि मीटर टेबलावर ठेवलं.

अठरा दिवस उरले होते. पूर्ण पीक पुन्हा घ्यायला चार महिने लागतात. पण भाताचं रोप कोवळं असताना खाऱ्या पाण्यात ठेवलं तर कुठलं मरणार आणि कुठलं जगणार ते दहा-बारा दिवसांत दिसतं, हे मॅडमनी सांगितलं. नुसतं बी रुजून वर यायलाच आठवडा जाईल, असंही म्हणाल्या. तिथे मी तोंड उघडलं. आमच्या खारात उशीर झाला की रहू टाकायचे. भात रात्रभर भिजवायचं, गोणपाटात बांधायचं, वर पेंढा आणि दगड ठेवून उबेला ठेवायचं. दीड-दोन दिवसांत मोड फुटतात. मोडाचं बी थेट चिखलात फेकायचं.

"दगड कशाला?" तिने विचारलं. त्या सवालानंतर ती माझ्याशी बोललेला हा पहिलाच शब्द.

"ऊब बाहेर जाऊ नये म्हणून."

तिने स्वतः दगड उचलून ठेवले.

गाठींत तिने प्रत्येक जातीचं थोडं बी राखून ठेवलं होतं. मेच्या उकाड्यात दुसऱ्या दिवशीच मोड आले. पाच ट्रेमध्ये पेरलं. या वेळी पाणी तिने मिसळलं. मी बाजूला मीटर धरून उभा. ती बोअरचं पाणी ओतायची, चाखायची, पुन्हा ओतायची. शेवटी तिने बोट तोंडात घातलं, डोळे मिटले आणि थुंकली.

"ही आमची नदी."

मीटर बुडवलं. सात पूर्णांक नऊ. मी तिला आकडा दाखवला. तिने बघितलाही नाही.

पाचव्या दिवशी लालाची टोकं सुकली. सातव्या दिवशी लाल आणि पांढरं कागदासारखं झालं. पिवळं दहाव्या दिवशी गेलं. हिरवं निम्मं तगलं. काळ्या दोऱ्याचं, ते कुसळाचं, उभं होतं. जोमाने नाही, पण एकही रोप पडलं नव्हतं.

आता खरी गोष्ट पुढे आली. काळ्याचं गाठीत राखलेलं ट्रेमध्ये संपलं होतं आणि बाकीचं आम्ही खाल्लं होतं. जुम्म्याच्या दिवशी, चटईवर, बोटं चाटत.

तिने खोलीतला कोपरा न् कोपरा शोधला. खाटेखाली बिस्किटांचा एक चौकोनी डबा निघाला. कांडताना कुसळं टोचायला लागली म्हणून तिने काळ्याचं थोडं भात कांडायचं सोडून दिलं होतं, नंतर बघू म्हणून. तागडीत घातलं, दोन किलोला थोडं कमी. लालाची शिवलेली पिशवी बावीस किलो होती.

"यात किती खाचरं होतील?" मी विचारलं.

"एक. हात आखडून पेरलं तर दीड."

तिने गावाला फोन लावला. मी उठून जायला लागलो, तर म्हणाली, "बसा, पा." स्पीकर लावला. ती बोलली, मग तिकडून सगळ्या एकदम. शब्द एक कळत नव्हता. बायका भांडताना कुठल्याही गावात तशाच भांडतात. मध्येच एक फाटका, म्हातारा आवाज आला आणि बाकीच्या थांबल्या.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, चुलीवरचं बी मी चाळीस वर्षं धूर देऊन जपलं, आणि तुम्ही ते माशाबरोबर खाल्लंत."

मी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"तुमचंही विचारते. तो म्हातारा कोण, भातात काय करतो? पुरुष ना तो?" ती थोडी हसली. दमलेलं हसू होतं. "मी सांगितलं, बांधावर उभा राहतो."

ठरलं ते असं. डब्यातलं बी नदीला अगदी चिकटून असलेल्या एकाच खाचरात पडणार, आणि त्यातून पुढच्या वर्षी सगळ्यांना बी मिळणार. बाकी अकराजणींनी हिरवं पेरायचं आणि येईल ते घ्यायचं. निम्मं. लाल कुणी पेरायचं नाही. ती पिशवी इथेच राहिली, कोंबड्यांना घालायला.

तिला विमानतळावर सोडायला मी गेलो. मुलाने गाडी चालवली. बी न्यायचे कागद मॅडमनी करून दिले होते, तरी तिने डबा सामानात दिला नाही, मांडीवर धरला होता. उतरताना माझा गुडघा आखडला आणि मी दार धरून उभा राहिलो. तिने हात पुढे केला. मी धरला.

"यल्ला, निघते, पा," ती म्हणाली. "मीठ खाऊ नका."

मॅडमनी मला काढलं नाही. वरून काय बोलणी खाल्ली ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आता मी रोज सकाळी मीटर बुडवतो आणि आकडा वहीत लिहितो. शेजारी पेन्सिलीने जिभेचा आकडा लिहितो. ते मला कुणी सांगितलेलं नाही. मीटर पाच म्हणतं तेव्हा जीभ दहा म्हणते. मला वाटलं होतं, अंदाज बसला की दोन्ही जुळतील. आठ महिने झाले, जुळत नाहीत. मॅडम वही बघतात, पेन्सिलीचा रकाना बघतात, आणि सही करतात.

गेल्या आठवड्यात तिचा फोटो आला. मला नुसतं पिवळं-हिरवं दिसलं. नातीने दोन बोटांनी मोठा करून दाखवला. एका बाईच्या हातात लोंबी होती, बारीक, आणि तिची कुसळं उन्हात केसांसारखी चमकत होती. मागे एक लहानसं खाचर कापून झालेलं. खाली तिचा आवाज होता. म्हणाली, नदी या वर्षीही आत आली, हे खाचर उभं राहिलं, बी चुलीवर टांगलंय, आता बारा चुलींवर टांगलंय. म्हातारी सलाम सांगते.

बाकीच्या अकराजणींना किती आलं, ते तिने सांगितलं नाही. मी तो निरोप तीनदा ऐकला, कुठे राहून गेलं असेल म्हणून. नाही सांगितलं. मग मी तिला उत्तर पाठवलं, सलाम पाठवला, प्रेशर बरं आहे म्हटलं. ते मात्र विचारलं नाही.